गव्हर्नर तेल देत नाही

मी एकदा मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांना अर्ज लिहिला होता. आमच्या भाताच्या गिरणीच्या इंजिनाला आपण तेल वाढवून देत नाही, ते कृपा करून द्यावं, अशी विनंती होती. आणि खाली, जमल्यास आपली कचेरी सकाळी जरा लवकर उघडावी, अशी एक सूचनाही केली होती.

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी सत्तर वर्षं हसते आहे, अजून संपलेलं नाही.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि सातवी पास होते. सातवी पास म्हणजे काय, हे आजच्या मुलींना कळायचं नाही. सासरच्या गावात माझ्याखेरीज वाचता येणारी बाई नव्हती. कुणाच्या मुलाचं मुंबईहून कार्ड आलं की माझ्याकडे, कुणाला कचेरीचा कागद आला की माझ्याकडे. मी पदर सावरून, घसा साफ करून वाचायची. एखादा शब्द अडला तर थांबायची नाही, जवळपासचा दुसरा ठोकून द्यायची. कुणी विचारायचंच नाही, तर चूक सापडणार कशी? असं करत करत मला वाटायला लागलं की माझं काही चुकतच नाही. फार वाईट सवय. अजून थोडी आहे.

माहेर माझं रेवदंड्याकडचं, नारळाच्या वाडीतलं. सासर माणगावपासून चालत दीड तासावर, सगळी भातखाचरं. नवरा मुंबईला गोदीत फिटरच्या हाताखाली कामाला. गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा, मधल्या दिवसांत कार्डं यायची. घरात मी आणि माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशीच पद्धत. आणि घराला लागून गिरणी.

गिरणी म्हणजे कौलारू पडवी, जमिनीत बसवलेलं तेलावरचं इंजिन, आणि त्याच्या पट्ट्यावर चालणारा हलर. हलर म्हणजे भात घातलं की तांदूळ वेगळा आणि तूस वेगळं करणारं यंत्र. धुराच्या नळीच्या तोंडावर पत्र्याचं एक झाकण बसवलेलं होतं, ते पुक्‌ पुक्‌ वाजायचं. तो आवाज तीन गावांत जायचा. पुक्‌ पुक्‌ ऐकू आलं की बायका डोक्यावर टोपल्या घेऊन निघायच्या.

मामंजींनी ही गिरणी घातली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले. लोक म्हणाले, बाईच्या जातीला इंजिन कसं झेपणार, विकून टाका. आत्याबाई तेराव्या दिवसानंतर पदर खोचून हलरपाशी जाऊन बसल्या, त्या बसल्याच. हलरच्या वरच्या पत्र्याच्या तोंडात भात सोडायचं काम त्यांचं. आवाजावरून त्यांना कळायचं, भात ओलं आहे, जरा हात आखडा, किंवा तांदळाची कणी होते आहे, पट्टा ढिला करा. जन्मभर त्यांनी मुसळानं भात कांडलं होतं. हाताचे तळवे चपलेसारखे झाले होते. त्या म्हणायच्या, "ह्यो लोखंडाचा मानूस माज्यासाटी कांडतोय. मी निस्ती बसून घालते." आणि हसायच्या.

पण त्या हसायला लागल्या की खोकला यायचा. तुसाची बारीक धूळ. पडवीत धुकं उतरल्यासारखी ती लोंबत राहायची. दोन हंगाम त्यांनी ती छातीत घेतली आणि तिसऱ्या वर्षी त्यांना दमा लागला. चार पावलं चालल्या की दाराला धरून उभ्या राहायच्या. माणगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गिरणीत बसायचं असेल तर तिथली हवा खेळती करा, नाहीतर गिरणीतून उठा. आणि गिरणीतून उठायचं म्हणजे गिरणी जायची त्यांच्या चुलत दिराकडे. ते वाटच बघत होते. येता जाता दारात उभे राहून म्हणायचे, "वैनी, तुमी आता घरात बसा, जपमाळ ओढा, मी हाय ना."

आत्याबाई त्यांना म्हणायच्या, "माळ तुमीच ओढा भावजी, तुमाला येळ हाय."

ते गेले की दाराशी उभ्या राहून दम घ्यायच्या. चेहरा निळसर व्हायचा. मला ते बघवत नसे.

मग गणपतीला नवरा आला तो गोदीतून पत्र्याची चार पाती घेऊन. त्यांचा त्यानं एक मोठा पंखा केला, भिंतीला भोक पाडून बसवला आणि इंजिनावरून त्याला एक लहान पट्टा दिला. पंखा फिरला की धूळ सुतासारखी ओढली जाऊन बाहेर पडायची. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी त्याच्यापुढे तळहात धरून बघितला, मग तोंड धरून बघितलं. म्हणाल्या, "गारेगार!" गणपतीच्या दिवसांत भात कमी, गावात बाकी काम नाही, तर बायका नुसत्या पंख्यात बसायला यायच्या. नवरा परत गेला. मी आपली ऐटीत. माझ्या नवऱ्यानं पंखा केला, सबंध तालुक्यात असा नाही.

दिवाळी झाली, नवं भात खळ्यातून यायला लागलं, आणि इंजिन बिघडलं.

बिघडलं म्हणजे पुरतं बंद पडलं असतं तर कुणीतरी बघितलं तरी असतं. तसं नाही. हलर चालू असला की छान चालायचं. पण एकीचं भात संपलं आणि दुसरीचं यायचं आहे, अशा वेळी आमचा गडी हलरचा पट्टा रिकाम्या चाकावर सरकवायचा आणि इंजिन नुसतंच चालत ठेवायचा. पंखा मात्र चालूच ठेवावा लागायचा, कारण खरी धूळ तेव्हाच लोंबत असते. आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला हुडहुडी भरायची. पुक्‌... पुक्‌... मग बराच वेळ काहीच नाही, आता गेलं म्हणावं तो एकदम पुक्‌पुक्‌पुक्‌पुक्‌ धावत सुटायचं, पुन्हा दम सोडायचं. खालची जमीन थरथरायची, कौलं वाजायची. चार-पाच वेळा असं झालं की बंद. पंख्याचा पट्टा काढला की शहाण्यासारखं चालायचं.

बंद पडलं की सुरू करणं म्हणजे सोहळा. इंजिनाचं डोकं पेटत्या दिव्यानं पाव तास तापवायचं, मग दोघांनी लटकून जड चाकाला हिसडा द्यायचा. आमच्या गड्याला इंजिन सुरू करता यायचं आणि बंद करता यायचं. त्यामधलं सगळं देवावर. तो म्हणाला, "पंख्याची नजर लागली त्येला." मी त्याला हसले. मी सातवी पास ना.

मी निरीक्षण केलं. निरीक्षण हा शब्द मला शाळेत फार आवडला होता. मला दिसलं की सकाळी खोड जास्त आणि ऊन चढलं की कमी. अकरा-साडेअकरानंतर इंजिन पंख्यासकट बऱ्यापैकी चालतं. हे सगळं मी नवऱ्याला कार्डावर बारीक अक्षरात लिहून कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. ते कार्ड कुठे गेलं देव जाणे, पण मजकूर माझ्या डोक्यात कोरलेला आहे.

"इथल्या मिस्त्रीला विचारले. तो म्हणतो, भार वाढला की गव्हर्नरने तेल वाढवून द्यायला हवे. तुमचा देत नसणार. गव्हर्नर कुठेतरी अडला असेल. मी शिमग्याला येईन तेव्हा बघतो. तोवर पंखा लावू नये."

शिमग्यापर्यंत म्हणजे सगळा हंगाम. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पंख्याचा पट्टा काढून ठेवला आणि तोंडाला फडकं बांधून हलरपाशी बसल्या. संध्याकाळी त्यांना दोन पायऱ्या चढता येईनात. मी हात दिला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, जरा बसते हितंच." चुलत दीर समोरच्या कुंपणापाशी उभे होते, बघत.

मी ते कार्ड पुन्हा वाचलं. आता बघा, त्या काळात रॉकेल परमिटवर, साखर परमिटवर, इंजिनाचं तेल परमिटवर. तेल मिळत नाही, कोणीतरी अडवलं आहे, वरून हुकूम यायचा आहे, हे आम्ही रोज ऐकायचो. आणि गव्हर्नर कोण, ते मला ठाऊक होतं. शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, कळलं. पंख्यामुळे आपला भार वाढला. भार वाढला की गव्हर्नरसाहेबांनी तेल वाढवून द्यायचं, असा कायदा आहे. आपल्याला ते देत नाहीत. कुठेतरी अडलंय.

"गव्हर्नर म्हंजी?"

"लाटसाहेब. मुंबईचे."

"लाटसायबाला आपला पंखा ठावा हाय?"

"त्यांना सगळं माहीत असतं."

"मंग आपलंच पोर असं उलटं का लिवतंय, पंखा लावू नका म्हनून?"

"ते घाबरले असतील. नोकरी आहे ना."

गड्यानं मध्येच विचारलं, की तेल टाकीत तर भरलेलं आहे, मग ते लाटसाहेब अडवतात कसं? मी म्हटलं, टाकीत असून काय उपयोग, मंजुरी नको? तो गप्प बसला. मंजुरी म्हटलं की तेव्हा कुणीही गप्प बसायचं.

आणि अकरा वाजल्यानंतर इंजिन का सुधारतं, तेही मला उलगडलं. कचेऱ्या अकराला उघडतात! हे सुचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढं डोकं आपल्याला देवानं दिलं आणि आपण भाताच्या गिरणीत बसलोय, असं वाटलं.

फुलस्केप कागद आणला. "मेहेरबान गव्हर्नर साहेब, मुक्काम मुंबई, यांचे सेवेशी. अर्जदार विधवा असून दम्याने आजारी आहे. अर्जदाराच्या गिरणीत हवेसाठी पंखा लावल्याने भार वाढला आहे. तरी नियमाप्रमाणे आपणांकडून तेल वाढवून मिळत नाही. सकाळी अकरापर्यंत विशेष त्रास होतो, अकरानंतर थोडे मिळते. तरी कचेरी लवकर उघडण्याची तजवीज व्हावी. पंखा बंद ठेवल्यास अर्जदाराचा श्वास बंद पडेल." शेवटचं वाक्य लिहिताना मला रडू आलं होतं. ते तेवढं एक वाक्य त्या कागदात खरं होतं.

खाली आत्याबाईंचा अंगठा. त्यांनी तो दिव्याच्या काजळीत बुडवून इतक्या जोरात दाबला की कागदाला खळगा पडला.

अर्ज पोस्टानं पाठवावा असं मला वाटत होतं. आत्याबाई म्हणाल्या, पोस्टात कागद हरवतात, कचेरीत हातात देऊ. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी माणगावला निघालो. दीड तासाच्या वाटेला त्यांना तीन तास लागले. दर आंब्याखाली बसायच्या. मी म्हणायची, परत जाऊ, मी एकटी येते उद्या. त्या मान हलवायच्या, बोलायला दम नसायचा.

कचेरीत कारकुनानं अर्ज घेतला आणि वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"बाई, तेल गव्हर्नर देत नाहीत. तेल मामलेदारसाहेब देतात."

मी म्हटलं, "ते नेहमीचं तेल. हे भार वाढल्यावरचं."

"कसला भार? शेतसारा वाढलाय का तुमचा?"

"पंख्याचा भार."

"पंख्यावर सारा नाही."

"सारा नाही हो, भार! भार वाढला की गव्हर्नर तेल वाढवून देतो. आमचा देत नाही. अडलाय."

माझ्या मागे रांगेत एक माणूस उभा होता, पेट्रोलच्या परमिटसाठी आलेला. हमरस्त्यावर लाऱ्या दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. हे शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की शिपाई धावत आला. तो भिंतीला धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी. "गव्हर्नर... अडलाय... अरे देवा, गव्हर्नरला कागद लिवला!" कारकुनाला काही कळेना, पण तोही हसायला लागला. बाहेरच्या बाकावरची माणसं आत आली. कुणीतरी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. अकरा वाजल्याचं वाक्य आलं तेव्हा सगळी कचेरी हलली.

मी तिथे मेले. खरंच सांगते. कानांतून वाफ निघत होती. पदर तोंडावर ओढला तर कुणी म्हणालं, "लाटसायबीण लाजली." ते नाव पुढे दहा वर्षं मला चिकटलं होतं.

आत्याबाई कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या. कशाला हसताहेत ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं अर्ज नामंजूर झाला. त्या उठायला गेल्या आणि उबळ आली. खोकला थांबेना. मग ती शीळ, दम्याच्या माणसाच्या छातीतून येते ती. सगळे हळूहळू गप्प झाले. मिस्त्रीनं डोळे पुसले, तांब्या आणून त्यांच्यापुढे धरला आणि खाली बसला.

"मावशी, पंखा तुमच्यासाटी लावलाय?"

त्यांनी मान हलवली.

"चला माज्यासंगट. गव्हर्नर मी दाखवतो तुमाला."

मी त्याच्यामागे जायला तयार नव्हते. पण आत्याबाई निघाल्या म्हटल्यावर मी कुठे राहणार.

त्याच्या छपरासमोर एक मालाची लारी उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. मिस्त्रीनं लारी सुरू केली आणि नुसतीच चालू ठेवली. मला म्हणाला, "वैनी, ऐका. गाडी उभी हाय. इंजिन आता फकस्त सोताला फिरवतंय. सोताचं पोट भरंल येवढंच तेल खातंय, जास्त न्हाय. आता दिवे लावतो." त्यानं आत हात घालून दोन्ही मोठे दिवे लावले. आणि मी ऐकलं. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला. सुरात गाणाऱ्यानं पट्टी सोडावी तसा. "दिवे फुकट न्हाय लागत. ती वीज इंजिनच काढतं. म्हंजी आनखी घोटभर तेल पायजे. ते कोन देनार? हितं माजा पाय देनार." त्यानं पाय जरासा दाबला, आवाज परत वर आला. "तुमच्या गिरनीत दिवसभर पाय लावून कोन बसंल? म्हनून त्या इंजिनाला दोन लोखंडी गोळे दिलेत, वर गरागरा फिरतात ते. येग पडला की गोळे खाली येतात, तेलाची वाट मोकळी करतात. येग वाढला की वर जातात, वाट आवळतात. त्या गोळ्यांचं नाव गव्हर्नर."

मी तोंड उघडं टाकून उभी होते. ते गोळे! ते तर मी रोज बघायची.

पण हुशारी काही गेली नव्हती. मी म्हटलं, "मग हलर एवढा जड, तो लावला तर चालतं. पंखा केवढासा, त्यानं कसं अडतं?"

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. या वेळी हसला नाही. "ह्ये मातर बरोबर इचारलंत. जड भार पडला की येग धाडदिशी पडतो, गोळेबी धाडदिशी पडतात, मधी काय चिकटलं असंल तर तोडून येतात. पंख्याचा भार हलका. गोळे जरासं सरकू बघतात, आन्‌ तितंच चिकटून ऱ्हातात. इंजिन तेलाविना तडफडतंय, तरी ते हालत न्हाईत. मंग हालतात ते एकदम, येवढं तेल देतात की ते उधळतंय. सकाळी थंडीत जास्त म्हनता? म्हंजी कायतरी घट्ट झालंय. उद्या येतो, इंजिन सुरू करायच्या आदी."

इथे जरा थांबून परवाची गोष्ट सांगते. नातीच्या गाडीतून आम्ही पालीला देवदर्शनाला चाललो होतो. माणगावच्या कोंडीत गाडी अर्धा तास उभी. बाहेर ऊन, आत एसी. आणि उभ्या उभ्या गाडी थरथरायला लागली, पुढच्या खणातली चिल्लर वाजायला लागली. नात म्हणाली, "आजी, एसी बंद केला की थांबतं बघ. चालत्या गाडीला काही होत नाही, उभी राहिली की हे सुरू." मी म्हटलं, "तुझा गव्हर्नर अडलाय गो." ती माझ्याकडे काळजीनं बघायला लागली, म्हातारी उन्हानं भ्रमिष्ट झाली की काय. चार दिवसांनी गॅरेजवाल्यानं तिला सांगितलं, इंजिनात हवा जायची वाट काजळीनं चोंदली होती. एसी सुरू झाला की कॉम्प्युटर ती वाट थोडी उघडतो, पण उघडून उपयोग काय, काजळी. साफ केल्यावर गाडी गप्प. नातीनं मला फोन केला आणि विचारलं, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, मी एकदा खुद्द गव्हर्नरांशी पत्रव्यवहार केला होता.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सायकलवरून आला. थंडी चांगली पडली होती, खाचरांवर धुकं होतं. आत्याबाई, गडी, मी, आणि कुंपणापाशी चुलत दीर. मिस्त्रीनं गोळ्यांना हात लावला, खालची कांडी वरखाली करून बघितली. हलेना. बोटानं खरवडलं. नखात पांढरट, राखाडी लोण्यासारखं काहीतरी आलं. त्यानं ते नाकाला लावलं.

"खोबरेल?"

त्यानं ते दोन बोटांत चोळून बघितलं.

"तुसाची धूळ आन्‌ खोबरेल. रोजच्या रोज चोपडलंय कुनीतरी. थंडीत खोबरेल गोठतंय, त्यात ही धूळ. ऊन आलं की पातळ होतंय, मंग गोळे हालतात. कुनी लावलं ह्ये?"

कुणी लावलं असणार? रेवदंड्याच्या वाडीतली पोर मी. आमच्या माहेरी केसांना खोबरेल, दिव्याला खोबरेल, दाराच्या बिजागरीला खोबरेल, पितळेला लकाकी आणायला खोबरेल. पंखा बसला तेव्हा नवऱ्याच्या कौतुकात मी सगळं इंजिन रोज संध्याकाळी पुसून काढायला लागले होते. त्यात ते दोन गोळे मला भारी आवडायचे. डोक्यावर फिरणारे, चकचकीत. गणपतीत ऊब होती, तेल पातळ होतं, काही बिघडलं नाही. थंडी पडली आणि मीच माझ्या हातानं गव्हर्नर अडवून ठेवला. आणि मुंबईला त्याची तक्रार लिहिली.

चुलत दीर कुंपण ओलांडून आत आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, आता हे म्हणणार, बघा, बायकांच्या हातात इंजिन दिलं की असं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आत्याबाई बोलल्या.

"मी लावलं."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या केसांना आयुष्यात खोबरेल लागलं नव्हतं, आमच्या सासरी तिळाचं तेल वापरायचे. खोबरेलाची बाटली माझ्या माहेरून आलेली होती आणि सगळ्या घरात तिचा वास फक्त माझ्या डोक्याला येत होता. मिस्त्रीला तो आला असणार. तो पाच हातांवर उभा होता.

चुलत दीर म्हणाले, "वैनी, तुमी? येवढी वर्सं इंजिनापाशी बसून?"

"व्हय, मी. माजं इंजिन हाय. मी त्येला तेल लावंन न्हायतर हळद लावंन. तुमच्या खळ्यावरचं भात कवा आनताय, ते बोला. आज की उद्या?"

दीर काहीतरी पुटपुटत गेले. मिस्त्री खाली बघून हसला आणि रॉकेलचा बोळा मागितला. गोळे, कांडी, सांधे, सगळं रॉकेलनं धुऊन काढलं, वर इंजिनाच्या तेलाचे चार थेंब सोडले. मला म्हणाला, "वैनी, पुसायचं तर कोरड्या फडक्यानं पुसा. आन्‌ मावशींना सांगा, खोबरेल डोक्याला लावा म्हनावं." त्यानं मजुरी घेतली नाही. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली, आणि जाताना माझा तो अर्ज मागून घेतला. कचेरीतून त्यानं आधीच खिशात घातला होता, पण विचारून नेणं बरं, म्हणाला. त्याच्या छपराच्या खांबाला तो कित्येक वर्षं टाचलेला होता म्हणे. मी कधी बघायला गेले नाही.

त्या सकाळी इंजिन सुरू झालं. हलरचा पट्टा रिकाम्या चाकावर, पंखा लावलेला. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. आवाज अगदी किंचित खाली बसला, दोन्ही गोळे डोळ्यांदेखत जरासे उतरले, आणि पुक्‌ पुक्‌ पुक्‌ एका लयीत चालू झालं. तूस आणि धूळ भिंतीच्या भोकातून बाहेर, उन्हात. आत्याबाईंनी तोंडाचं फडकं सोडलं. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या त्याच जागेवर बसल्या. दमा पुरता गेला नाही, पण पायऱ्या चढायच्या, बाजारला जायच्या, आणि खोकल्याशिवाय हसायच्या. माझी तीन बाळंतपणं त्यांनी केली. मला इंजिन उघडायला आणि जोडायला त्यांनीच त्या मिस्त्रीकडे शिकायला धाडलं, सातवी पास आहे म्हणून. आज मी जी काही आहे ती त्या पडवीत झाले आहे, आणि ते कुणामुळे, हे मला विसरता येत नाही.

पण त्या दिवशी दुपारी एवढं सगळं मला माहीत नव्हतं. बायकांची गर्दी ओसरली होती. इंजिन नुसतंच चाललं होतं, पंखा फिरत होता. मी आत्याबाईंच्या पायाशी बसले आणि विचारलं, की खोबरेल मी लावलं हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, आणि मग सगळ्यांदेखत तुम्ही का म्हणालात तसं? मला रडू येत होतं. त्यांनी हलरच्या तोंडातले चार दाणे चिमटीनं काढले, पंख्याकडे तोंड करून एक लांब श्वास घेतला, आणि म्हणाल्या:

"माज्या खोकल्यापायी आजवर कुनी दोन पायऱ्या चढलं न्हवतं गो. तू तर पार लाटसायबापातुर गेलीस. मंग बाटलीभर खोबरेल मी माज्या नावावर घेतलं, तर माजं काय झिजलं?"